ग्रुपवरून काढलेला फोटो

माझ्या पोटात काही राहत नाही, हे चिकपेटेतल्या आमच्या सगळ्या माणसांना ठाऊक आहे. आमचा मराठी समाज इथं कन्नड मुलखात कैक पिढ्यांचा. बारसं असो, पाहुणा येवो, कुणाचं ऑपरेशन असो, बातमी आधी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, मग घरच्यांना कळते. चारशे माणसं आहेत त्या ग्रुपवर.

सीमेवर लढाई पेटली तेव्हा फौजेतला माझा मुलगा रेल्वेने पुढे निघाला. "एक तरी फोटो पाठव" म्हणून मी त्याचं डोकं खाल्लं. शेवटी त्याने पाठवला आणि खाली लिहिलं, 'फक्त तुला.' फलाटावर वर्दीत उभा राहून हसत होता. मी पाच मिनिटंही कळ काढली नाही, टाकला ग्रुपवर. कौतुकाचे निरोप वाचताना छाती फुगली होती माझी.

तासाभराने पाहते तर फोटो गायब. ग्रुप सांभाळायचं काम समाजाने आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे दिलं होतं. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. मी तरातरा जिना चढले.

"माझ्या मुलाचा फोटो काढणारी तू कोण गं?"

"अक्का, स्वल्प इकडं बघा," म्हणत तिने फोन पुढे केला. मुलाच्या खांद्यामागे स्टेशनची पाटी लख्ख वाचता येत होती. शेजारी ताडपत्रीने झाकलेल्या मालडब्यांची रांग. "फौज कुठं चाललीय, हे यात दिसतंय की."

"आपल्या ग्रुपवर कोण शत्रू बसलाय?" मी म्हटलं खरं, पण तेवढ्यात आठवलं. हुबळीच्या नणंदेचा नुकताच फोन येऊन गेला होता. तिने तो फोटो सगळ्या नात्यात वाटला होता. मी तिला तेही सांगून टाकलं.

मुलीने पाच मैत्रिणी-मित्र गोळा केले. परीक्षा तोंडावर असताना ती पोरं समाजाच्या हॉलच्या पायऱ्यांवर दोन दिवस फोन लावत बसली. "काका, फोटो काढून टाका. पुढं कुणाला पाठवलाय? त्यांचा नंबर द्या." मग त्या पुढच्याला फोन. कुणी मराठीत झापायचं, कुणी कन्नडात. "कालची पोरं आम्हाला देशभक्ती शिकवणार?" असंही एकाने सुनावलं. पोरं "सरी अंकल, सरी" म्हणत होकार द्यायची आणि थोड्या वेळाने त्यालाच पुन्हा फोन करायची. हीच पोरं दिवसभर फोन चोळत बसतात म्हणून मी येता-जाता नाकं मुरडत असे. आता त्यांच्यासाठी उप्पीट घेऊन जाताना मान वर होत नव्हती.

नणंदेला मात्र मीच फोन केला. ती रुसली, अजून रुसलेलीच आहे.

मुलाचा फोन बंद. जीव टांगणीला लागला होता. टीव्हीवर रेल्वेचं चित्र आलं तरी मला वाटायचं, माझ्याच हाताने घात झाला. देवापुढे बसले तरी डोळ्यांसमोर ती पाटीच यायची.

लढाई थांबल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज ऐकून रडू फुटलं, आणि तो कसा आहे हे विचारायच्याही आधी मी सगळं सांगून टाकलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

तो एवढंच म्हणाला, "आई, त्या गाडीत आम्ही सहाशे जण होतो."

इतके दिवस मला त्या फलाटावर एकटा माझाच मुलगा दिसत होता. मी तशीच वर गेले. पोरगी पुस्तकात डोकं घालून बसली होती. मला पाहून दचकून उभी राहिली, पुन्हा भांडायला आले असं तिला वाटलं असावं. मी तिचे दोन्ही हात धरले.

"सहाशे आया आहेत गं," मी म्हटलं. "त्यांना तुझं नावही कधी कळायचं नाही. म्हणून त्यांच्या वतीनं मीच आलेय."