चुएको दार

कागलच्या स्टँडवर अव्वा, म्हणजे माझी आई, रडली नाही. एसटीच्या खिडकीतून हात आत घालून तिनं बजावलं, "दिवसाचं दार उघडं ठेव. बंद घरात लक्ष्मी येत न्हाय." नव्वदच्या दशकाची अखेर होती. ह्यांना मेक्सिकोत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मी मागोमाग निघाले होते.

मेक्सिको शहर जुन्या तळ्यावर वसलंय, त्यामुळं तिथल्या जुन्या इमारती एका अंगाला खचतात. आमचीही खचली होती. मक्याच्या भाकरीचं पीठ मळताना परात आपोआप भिंतीकडं सरकायची. दाराची चौकट तर अशी कलली होती की आतून मी कितीही ओढलं, तरी दार हलायचं नाही. बाहेरून खांदा लावला की उघडायचं. हे सकाळी दोन्ही हातांनी हिसडून दार उघडत, बाहेरून ओढून घेत आणि संध्याकाळी येईपर्यंत मी आत, डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीसारखी. तक्रार केली की म्हणत, "जरा दम धर. शहर चांगलं नाही, बंद असलेलंच बरं." संताप संताप व्हायचा.

एकदा शेजारच्या लुपेबाईंनी माझी ओढाताण ऐकली आणि कमरेच्या एका धक्क्यात दार उघडलं. चौकटीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "चुएको!" मग त्यांच्याकडूनच कळत गेलं. फेंगडे पाय चुएको, भिंतीवरचा तिरका फोटो चुएको, चोरीची गाडी चुएको आणि शब्द फिरवणारा माणूसही चुएकोच. आपलं 'वाकडं' बरंचसं असंच, पण चोरीच्या गाडीला काही आपण वाकडी म्हणत नाही. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

रविवारी फोनवर अव्वा विचारायची, "दार उघडं ठेवतीस न्हवं?"

"व्हय, अव्वा."

शेवटी लुपेबाईंनीच सुतार आणून दार तासून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडून मी उंबऱ्यात उभी राहिले. समोर जिना. उतरून जायचं कुठं? ना भाषा, ना ओळखीचं माणूस. पासपोर्टसुद्धा ह्यांच्या ऑफिसात. मुकाट्यानं आत येऊन कुकर लावला.

त्या रविवारी अव्वाला सगळं सांगून टाकलं. ती ओरडलीच, "मग ये की घरला! कोण अडवतंय?"

व्हिसा, करार, तिला काय काय सांगणार? म्हटलं, "येते की."

गेले नाही. मुलं झाली, ती आपसात स्पॅनिशमध्ये भांडू लागली. गावी जायला जमलं तोवर अव्वा गेली होती. थोरला भाऊ, आमचा अण्णा, स्टँडवर न्यायला आला. बॅग घेत मोठ्यानं हसून म्हणाला, "या पावणं! परत कवा निघायचं?"

प्रेमानंच विचारलं त्यानं. तुम्ही गावातच राहिलेले असा की माझ्यासारखे लांब गेलेले, घर कशाला म्हणता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी माझ्यापुरतं ठरवलंय, 'ये की' म्हणणारं माणूस म्हणजे घर. अण्णाला हे सांगितलं नाही. परतीची तारीख सांगितली.