खडू ताईच्या हातात

दाजींच्या अंगणात, पायरीच्या अलीकडे, ताटाएवढा एक तुकडा फुटलेला आहे. बाकीचं अंगण इतकं देखणं आहे की हा तुकडा नेमका डोळ्यांत खुपतो. चपट्या मातकट दगडांनी अंगण बांधून काढल्यासारखं वाटतं, पण त्यात दगड एकही नाही. जुन्या काँक्रीटवर एक पातळ नवा थर, त्यावर साचे दाबून उठवलेले दगड, मग रंग आणि वरून चकाकीचा हात. दाजींचा धंदाच तो. आता ज्याच्या स्वतःच्या दारात थर उखडलाय, त्याला आपलं अंगण कोण करायला देईल? गिऱ्हाईक फाटकातून आत येतं, त्या तुकड्यापाशी थबकतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि निघून जातं. दाजी कुणाला थांबवत नाहीत. माझा मात्र तिळपापड होतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझं दुकान बसलं तेव्हा ताईनं मला त्यांच्या गाडीवर घेतलं आणि मी तिथेच राहिलो. गाडी चालवायची, पोती उतरवायची, पाणी भरायचं आणि अधूनमधून तोंडाचा पट्टा सोडायचा, एवढी माझी कामं. शेवटचं काम मला कुणी दिलं नव्हतं.

लोकांना वाटतं, हा धंदा म्हणजे रंगरंगोटी. गल्लीतला न्हावी तर दाजींना ‘आमच्यातलाच माणूस, वरून चकचकीत करणारा’ म्हणायचा. गिऱ्हाईकही तसंच. भेगा पडल्यात, गाडीच्या तेलाचे डाग आहेत, तेवढं झाकून टाका म्हणे. झाकायचंच असेल तर सतरंजी घ्या, हे दाजींचं ठरलेलं उत्तर. कारण वरचा थर खालच्याच्या जिवावर उभा असतो. जुनं काँक्रीट आतून सुटलेलं असेल तर वर कितीही सुंदर नक्षी करा, ती तिथेच फुगते आणि निघून येते. म्हणून रंगाचं, नक्षीचं बोलणं नंतर. आधी दाजी गुडघ्यांवर बसत आणि हातोडीनं सगळी जमीन ठोकत पुढे सरकत. पक्की जमीन खणखणीत वाजते, पोकळ जागा बद्द वाजते. बद्द वाजली की तिथे खडूनं गोल करायचा. नंतर तेवढं फोडून काढायचं, भरायचं, आणि मगच थर. जिना असो, गॅरेज असो, मागचा ओटा असो, ठोकल्याशिवाय त्यांनी थापी उचलली नाही.

आणि नेमके याच माणसाचे कान गेले.

एका दिवसात नाही गेले. वर्षानुवर्षं घासायचं मशीन कानाशी किंचाळत होतं. कानात बोळे घाला म्हणून ताई सांगून थकली, आणि दाजी आपले धूळ नाकात जाऊ नये म्हणून फडकं बांधायचे आणि कान उघडे टाकायचे. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय लागली. विचारलं की म्हणायचे, तुम्ही सगळे पुटपुटता.

मला तो दिवस आठवतो. एका घरामागचा चौक होता. ताई कामावर यायची ती रंग कालवायला, कारण रंगातलं तिला कळायचं आणि दाजींना कळायचं नाही. ती बादलीपाशी बसली होती. दाजी ठोकत ठोकत एका जागेवरून पुढे गेले. ती जागा इतकी बद्द वाजली की मला, माझ्यासारख्या अडाण्याला, गाडीपाशी ऐकू आली. ताईनं हात पुसले, उठली, दाजींच्या शर्टाच्या खिशातून खडू काढला आणि तिथे गोल केला. एक अक्षर बोलली नाही. दाजींनी गोलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा तिथे ठोकलं. मग छिन्नी लावली. खाली सगळा भुगा होता.

त्यानंतर खडू कायमचा ताईच्या हातात गेला. दाजी पुढे गुडघ्यांवर, ताई मागे वाकलेली. ते ठोकायचे आणि नजर वर करायचे. बद्द असेल तर ती गोल करायची. पक्की असेल तर ती नुसती उभी राहायची आणि ते पुढे सरकायचे. गिऱ्हाईक कौतुकानं बघे. त्याला वाटे, नवरा जाणकार आहे आणि बायको बिचारी खुणा करते. मी गाडीला टेकून मनात हसायचो. ताईला एकदा विचारलंच, दाजींना अजिबात ऐकू येत नाही का गं आता? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडी पुसायला लागलो. त्यांना काही झालेलं नाही, तू तुझं काम बघ, एवढंच म्हणाली. त्या दोघांत या विषयावर कधी शब्द झाला नाही. ते बहिरे आहेत हे घरात कुणीच कधी म्हटलं नाही, आणि तशी कितीतरी वर्षं गेली.

मग ताईचा आजार निघाला. आधी पाठ दुखते म्हणून ती वाकेनाशी झाली. तरी खडू हातात धरून यायची, काठीच्या टोकानं जागा दाखवायची. पुढे कळलं की दुखणं हाडांत उतरलंय. दवाखान्यात भरती केलं तेव्हापासून दाजींनी एकही काम घेतलं नाही. कारण काय सांगायचे, तर हिला बघायला कुणीतरी हवं. ते खोटं नव्हतं. पण ताईला आणि मला खरं कारण ठाऊक होतं.

ताईला मरणाची भीती नव्हती, निदान माझ्यापाशी तिनं कधी दाखवली नाही. तिला घोर होता तो वेगळाच. एका दुपारी दाजी खिडकीपाशी उभे होते आणि मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं माझा हात धरला.

“माझ्यामागे हे काम सोडून बसतील,” ती म्हणाली. “आणि हा माणूस बसला की संपला. एकट्यानं जमेल का रे त्यांना?”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. नजर वर केली तर दाजी खिडकीबाहेर बघत नव्हते, तिच्या ओठांकडे बघत होते.

आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला कळला. ताईला चालता येणार नव्हतं, चाकाच्या खुर्चीतून आणायची होती, आणि दाजींचं स्वतःचं अंगण म्हणजे भेगा, खड्डे आणि वर आलेली खडी. आपलंही करा की कधीतरी, असं ताई किती वर्षं म्हणत होती. करू की, पळून जातंय का अंगण, असं म्हणून दाजी दुसऱ्याचं अंगण करायला निघून जायचे. त्या दिवशी दवाखान्यातून येताना गाडीत ते म्हणाले, “ती यायच्या आत अंगण करतो. एकटा करतो.” एकटा हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला सगळं समजलं. अंगण हे निमित्त होतं. तिच्यामागे आपलं निभेल, हे तिनं डोळ्यांनी बघून जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी म्हटलं, मी ऐकतो, तुम्ही ठोका. त्यांनी न समजल्यासारखं केलं आणि मला रंगाची भुकटी आणायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा फाटकातून बघत राहिलो. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीवर सपाट टेकवलेला. ठोकायचे आणि डोळे मिटून तळव्यानं ऐकायचे. बऱ्याच जागा त्यांनी तशा हुडकल्या, माझी मान खाली जाईल इतक्या. खडूचे गोल स्वतः केले, फोडलं, भरलं, घासलं, धुतलं. पुढचे दिवस ते तहानभूक हरपून काम करत होते. खुर्चीला हिसके बसू नयेत म्हणून दगडांमधल्या खाचा अगदी उथळ ठेवल्या. रंग पहिल्यांदाच स्वतः कालवला.

ताईला आणलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मी खुर्ची ढकलत होतो. दाजी तिच्यासमोर उलटे चालत होते, वाट दाखवल्यासारखे, पण डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. परीक्षेला बसलेल्या पोराचा असतो तसा चेहरा झाला होता त्यांचा. खुर्ची अलगद चालली. ताईनं दोन्हीकडे मान वळवून सगळं पाहिलं.

“तांबूस जास्त झालाय,” ती म्हणाली.

दाजी खूश झाले. रंगात तिनं खोट काढली म्हणजे बाकी सगळं ठीक, असं मलाही वाटलं.

आणि पायरीच्या अलीकडे चाकाखालचा आवाज बदलला. रिकाम्या खोक्यावरून काहीतरी ओढावं तसा. खुर्चीच्या मुठीतून तो माझ्या हाताला लागला. ताईची बोटं खुर्चीच्या दांडीवर आवळली गेली. इतकी वर्षं ज्या आवाजाला ती खाली वाकली, तोच आवाज. दाजी समोर उभे होते, तिच्या तोंडाकडे बघत.

ताईनं मान वर केली. ओठ नीट दिसतील असं सावकाश बोलली.

“छान वाजतंय हो सगळं. कुठेच बद्द नाही.”

“मग?” दाजी म्हणाले. “तुला काय वाटलं होतं?” आणि हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

आत पलंगावर टेकवताना ताईनं माझी बाही पकडली. बोललास तर बघ, इतकंच तिच्या डोळ्यांत होतं. मी तोंडाचा पट्टा आयुष्यात पहिल्यांदा बांधून ठेवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती अंगणात बसायची. खुर्ची पायरीपाशी, नेमकी त्याच जागेवर लाव म्हणायची. येणाराजाणारा मग तिला वळसा घालून जाई आणि त्या जागेवर कुणाचा पाय पडत नसे. दाजी खाली पायरीवर बसून तिला पुढच्या कामांचं सांगायचे. अमक्याचा जिना, तमक्याचं गॅरेज. ती हं हं करायची. मी दारातून बघायचो आणि मला कुठेतरी जाऊन रडावंसं वाटायचं.

ताई गेली. तिला उचलून बाहेर काढलं तेव्हा माणसांचे पाय एकदमच त्या जागेवर पडले आणि थर फुटला. आवाज फार मोठा झाला नाही. खांदा देणाऱ्यांपैकी कुणी खाली पाहिलंही नाही. दाजींनी पाहिलं.

तेव्हापासून तो तुकडा तसाच आहे आणि दाजी घरात बसून आहेत. ताईला ज्याचा घोर होता तेच झालं. मी महिनोन् महिने चरफडलो, आणि परवा माझा संयम संपला. हातोडी आणि खडू घेऊन अंगणात गेलो, फुटक्या जागेभोवती मोठा गोल काढला आणि दाजींना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हटलं, उखडू या हे. ताई समाधानानं गेली ती तुम्हाला जमलं असं समजून. तिची तरी लाज ठेवा.

दाजी गोलाकडे बघत राहिले.

“ती समाधानानं नाही गेली,” ते म्हणाले. “तिला ऐकू आलं होतं.”

त्यांना कुणी सांगितलं? मी तर जीभ चावून राहिलो होतो.

“ती माझ्यामागे इतकी वर्षं चालली,” दाजी म्हणाले. “चांगल्या जमिनीला कधी चांगलं म्हणाली का? चांगली असली की गप्प उभी राहायची. त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. बोलली तेव्हाच मला कळलं, खाली पोकळ आहे.”

“मग तुम्ही हसलात कशाला?”

“तिला वाटावं ना, मी फसलो म्हणून.”

मी पायरीवर बसलो. ती त्यांना सांभाळत होती, ते तिला सांभाळत होते, आणि दोघांच्याही मनातला घोर जिथल्या तिथे राहिला होता. शेवटचे कितीतरी दिवस दोघं त्याच पोकळ जागेपाशी बसून एकमेकांना पुढच्या कामांच्या गोष्टी सांगत होते. मला ताईचा राग आला, दाजींचा आला, आणि मग नुसतंच भरून आलं.

दाजींनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि ते गुडघ्यांवर बसले. फुटक्या जागेला त्यांनी हात लावला नाही. तिच्या बाजूला थोडं अंतर सोडून हातोडी मारली आणि माझ्याकडे पाहिलं. खणखणीत आवाज आला.

“चांगलं आहे,” मी म्हणालो.

ते हलले नाहीत. हातोडी त्याच जागेवर टेकवून, मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. मी तोंड मिटलं, खडू मुठीत धरला आणि त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी त्याच जागेवर पुन्हा ठोकलं. मी काही बोललो नाही, आणि ते पुढे सरकले.