कापसाच्या खोलीत पडलेला बर्फ

आमच्या घरात आजवर एकदाच बर्फ पडला, आणि तो मी पाडला.

तसा आमच्या खान्देशात बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तेवढाच. पण हिव मात्र जोरदार! डिसेंबरात आमचे आबा आंघोळीला निघाले की घरातल्या प्रत्येकाकडे असे बघून घेतात, जसं काय आता परत भेट होते की नाही. तर अशाच एका गारठलेल्या सकाळी दिनूभाऊचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, घर बघायला पाहुणे येणार होते.

हल्ली शेतकरी मुलाला पोरगी द्यायला कोणी तयार होत नाही. ‘मुलगा काय करतो?’ ‘शेती.’ खट्! फोन बंद. इतक्या वेळा खट् झालं की भाऊनं मोटरसायकल पुसायचंसुद्धा सोडून दिलं होतं. अशात नशिराबादकडच्या एका तात्यांचा निरोप आला. त्यांच्या मुलीला शेतीवाला चालत होता! फक्त आधी घर बघू म्हणाले. भाऊनं त्याच दिवशी मोटरसायकल धुतली. दोनदा!

आता आमच्याकडे घर बघणं म्हणजे भिंती-बिंती कोणी बघत नाही. कापूस बघतात. आमच्या हॉलला लागूनच कापसाची खोली आहे. भाव वाढायची वाट बघत कापूस पार छताला टेकला होता. आबांनी ढिगाची पुढची बाजू अशी हातानं सारखी केली होती की गणपतीची आरास झक मारेल.

“दार उघडंच राहू द्या,” आबा म्हणाले. “सोफ्यावर बसल्या बसल्या दिसला पाहिजे. आणि तू...” माझ्याकडे वळून, “ताईची दोन्ही पोरं सांभाळ. बाहेर हिव शे, सोडू नको. आणि तू बी दिसू नको.”

(मला नकला करायची खोड आहे. गावात ज्याची ज्याची नक्कल केली, त्या प्रत्येकानं आबांना येऊन सांगितलंय. म्हणून ही सूचना.)

ताई आणि आई मागे भरताची वांगी भाजत होत्या. पाच वर्षांचा चिकू आणि सात वर्षांची परी माझ्या गळ्यात. टीव्ही बंद, कारण हॉल आवरलेला. मग मी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक बाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, “चला तर बाळांनो, थंडीत घरी बसून बर्फाचा माणूस बनवूया! त्यासाठी आपल्याला लागणार आहे थोडासा कापूस.” आणि तिनं वाटीतून चिमूटभर कापूस दाखवला.

आम्ही तिघांनी एकदम खोलीकडे पाहिलं.

“मामा,” चिकू म्हणाला, “आपल्याकडे तर बठ्ठा शे, सगळा!”

मी मागच्या कोपऱ्यातून थोडासाच घेतला हो! वहीचा पुठ्ठा, डिंक, कापूस. पण बाईंचा कापूस दुकानातला, आमचा शेतातला. सरकीसकट! आमच्या बर्फाच्या माणसाला तोंडभर पुटकुळ्या आल्या.

“ह्याला देवी आल्या का?” परीनं विचारलं. “आणि हा राहतो कुठे?”

झालं! त्याला घर पाहिजे. बर्फाची गुहा पाहिजे. मागून, आबांना दिसणार नाही अशी, मी ढिगात गुहा खणायला घेतली. खणता खणता हुरूप आला. पोरांनी माझ्या गालांना डिंक फासून पांढरी दाढी चिकटवली. मी झालो बर्फातला म्हातारबाबा. आता म्हातारबाबाला आवाज पाहिजे की नाही?

आवाज सकाळपासून तयारच होता. तात्या निघाल्यापासून वाटेतल्या दर गावाहून आबांना फोन करत होते, तोही असा ओरडून की मोबाइलची गरजच नव्हती. मी गुहेत शिरलो. चिकू बाहेरून विचारायचा, “म्हातारबाबा, कुठपर्यंत आले?”

मी आतून, तात्यांच्या आवाजात, “हॅलोऽऽ! म्हणजे कसं शे... एरंडोल सोडं!”

पोरं लोळून हसायची. “परत! परत!”

“हॅलोऽऽ! म्हणजे कसं शे... पारोळा सोडं!”

एवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. मी दचकलो, डोकं वर आपटलं, आणि ‘भस्स्’! मागचा छतापर्यंतचा सगळा बर्फ माझ्यावर आला; पुढची आरास तेवढी शाबूत. नाकापुरती फट राहिली, बाकी मी गायब. पोरं गाडी बघायला पळाली.

बाहेर पडावं तर कसं? पाहुणे सोफ्यावर बसलेसुद्धा! समोर पांढरीशुभ्र दाढी लावून ढिगातून नवऱ्याचा भाऊ उगवला असता तर दिनूभाऊचं आयुष्यभराचं खट् झालं असतं. मी ठरवलं, इथंच पडून राहायचं. मग खाज सुटली. साठवलेल्या कापसाची खाज ज्याला माहीत आहे त्यालाच माझं दुःख कळेल. आधी मान. मग पाठ. मग जिथं चारचौघांत हात नेता येत नाही तिथं. (आणि कापसात तर कुठंच नेता येत नव्हता.)

बाहेर आबांचा मखमली आवाज, “घ्या तात्या, पोहे घ्या. हा आपला कापूस. बठ्ठा एक नंबर.”

“म्हणजे कसं शे,” तात्या गरजले, “वरून तर चांगला दिसस.”

‘वरून’वर जरा जोर होता. दिनूभाऊ खोकला.

तेवढ्यात चिकू खोलीत आला. सगळ्यांच्या देखत ढिगासमोर उभा राहिला. “म्हातारबाबा, कुठपर्यंत आले?”

मी दाढीतला कापूस दातांत धरला.

“कोणाशी बोलतो हा?” तात्यांच्या बायकोनं, अक्कांनी विचारलं.

“लहान शे,” आबा म्हणाले. “कापसाशी बोलतो.”

“म्हातारबाबाऽ!” चिकूचा आवाज चिरकला. “कुठपर्यंत आलेऽ?”

मी श्वाससुद्धा धरून ठेवला. आणि चिकूनं भोकाड पसरलं. “म्हातारबाबा मेऽऽलाऽऽ!”

भर सोयरिकीत! “शुभ बोल रे!” म्हणत आई धावली. तो आणखी जोरात, “मेला! आतमध्ये मेऽऽला!” पाहुणे पोह्यांच्या बशा खाली ठेवून उभे राहिले. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? शुभकार्य वाचवायला, म्हातारबाबा आलाच असं सांगत मी आतून ओरडलो,

“हॅलोऽऽ! म्हणजे कसं शे... ऊनूच समजा!”

सगळ्यांनी एकदम तात्यांकडे पाहिलं.

तात्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, उलटा-पालटा करून बघितला, कानाला लावला. बंद. मग ढिगाकडे वाकून हळूच म्हणाले, “हॅलो?”

आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात कापसात खुपसला. हाताला माझी दाढी लागली. त्यांनी ओढली. डिंक पक्का होता. मी सगळाच्या सगळा बाहेर आलो!

“हा कोण?” तात्या.

“हा आमचा...” आबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “हा आमचा नाही.”

दिनूभाऊनं डोळे मिटून घेतले. त्याला ‘खट्’ ऐकू यायला लागलं असणार.

“तू माझी नक्कल करस?” तात्यांचा आवाज असा चढला की वरून उरलासुरला बर्फ पडला. “मी असा बोलस?”

“हो!” हे अक्का म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते थांबेचनात. “लग्न झाल्यापासून सांगतेय, इतकं ओरडू नका म्हणून. ह्यांना पटतच नव्हतं. परत म्हण रे बाबा, परत म्हण!”

तात्या मात्र हसत नव्हते. ते मी पाडलेल्या भगदाडाकडे बघत होते. पुन्हा हात घातला, पार तळातून मूठभर कापूस काढला, उजेडात धरला, पिंजला, गालाला लावून बघितला. दिनूभाऊनं एक डोळा उघडला.

“आबा,” तात्या म्हणाले. आवाज पहिल्यांदाच माणसासारखा. “वर चांगला आणि आत ओला, किडका, असे ढीग लई पाहिले. सोयऱ्याच्या घरी ढीग उकरून बघता येत नाही, म्हणून सकाळपासून जीव टांगेल व्हता. तुमच्या पोऱ्यानं उकरून ठेवला ते बरं झालं. तुमचा आतून बी तसाच शे.”

“पोऱ्या आमचाच शे तो!” आबा घाईघाईनं म्हणाले.

सोयरीक तिथंच पक्की झाली. मग दोन्हीकडची मंडळी बसून चहा प्यायली. एका हातात कप आणि दुसऱ्या हातानं अंग खाजवत! गुळाचा खडा वाटतानाही कोणाचा हात सरळ पुढे आला नाही.

माझी दाढी खोबरेल तेलानं काढली. तिच्याबरोबर डावी मिशी गेली. लग्नाच्या फोटोत मी सगळीकडे उजवा गाल पुढे करून उभा आहे.

आता घरी वहिनी आहे, भाऊची मोटरसायकल चकचकीत आहे, आणि सगळे माझ्या मागे लागलेत. परवा शिरपूरकडचे पाहुणे माझ्यासाठी येऊन गेले. आबांनी कापसाची खोली उघडून दाखवली, तळातला कापूस काढून हातावर ठेवला, मग मला समोर उभं केलं. पाहुण्यांनी दोन्ही नीट पाहिलं.

काल निरोप आला. कापूस पसंत आहे.