संपादकांसाठी जुंपलेली गाडी

निजामाच्या राज्यात मराठी छापायचं म्हणजे परवानगीची कटकट, म्हणून आमच्याकडचं मासिक हातानं लिहिलं जाई. ते काढणारे संपादक लातूरकडचे. लेख ते लिहीत आणि गावोगावची त्यांची भक्तमंडळी नकला करत. आमच्या गावच्या प्रती मी लिहायची. शिकलेली चौथीपर्यंतच, पण अक्षर बरं होतं.

मंडळींची भक्ती मला बघवत नसे. एकदा संपादकांच्या कागदावर पानाची पिंक उडालेली होती. आमचे यजमान म्हणाले, "त्या ओळीला त्यांनी तांबडी खूण केलीय. सगळ्या नकलांत कर."

"अहो, पिंक हाय ती. वास घेऊन बघा."

त्यांनी वास घेतला नाही. मी कुंकू कालवून पाच प्रतींवर पाच डाग पाडले. पुढं त्या ओळीत काय खोल अर्थ आहे, यावर मंडळी आमच्या ओसरीत तासभर बोलत बसली.

त्याच वर्षी आमच्या तीन वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा आला. आधी नुसता चिकटायचा, मग पू येऊ लागला, बुबुळावर पांढरट पापुद्रा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीनं धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तेवढ्यात निरोप आला, संपादक उद्या येडशीला रेल्वेनं उतरणार. सकाळी यजमानांनी गाडी तिकडं जुंपली.

"दुपारपर्यंत येतो की. मग निघू."

दुपारी संपादक आले. त्यांचे पाय धुतलेलं पाणी आमच्या पटवाऱ्यांनी डोळ्यांना लावलं. त्याच घंगाळाशेजारी मी मुलीचा पू पुसत होते. जेवणं झाल्यावर संपादकांना रामलिंगाच्या देवळाला जायची लहर आली. गाडी पुन्हा जुंपली. मी दाराआडून "पोरीचा डोळा..." एवढंच बोलले.

संपादक म्हणाले, "वहिनी, सोसणं हाच आईचा धर्म. पुढचा लेख आईवरच लिहितोय मी."

"वा! काय बोललात, मालक!" पटवारी म्हणाले. "लई मोठं बोललात!"

गाडी दुसऱ्या दिवशीही आली नाही. मुलीचा डावा डोळाही चिकटू लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मुलीला कडेवर घेऊन चालत निघाले. त्याआधी एकटी वेशीबाहेर कधी गेले नव्हते. डॉक्टरांनी औषध घातलं. डावा डोळा वाचला. उजव्यात फूल पडलं, ते कायमचं.

महिन्याभरानं नव्या अंकाचे कागद आले. त्यात पटवाऱ्यांचा लेख होता: एका भक्ताच्या मुलीचे दोन्ही डोळे जाणार होते, पण संपादकांची पावलं घराला लागली आणि एक वाचला. खाली संपादकांनी स्वतःच्या हातानं 'उत्तम' लिहिलं होतं. यजमानांनी तो वाचताना डोळे पुसले आणि टाक माझ्यापुढं ठेवला.

"चांगल्या अक्षरात काढ. आपल्या घरचं हाय."

मी टाक परत सरकवला आणि म्हणाले, "तुमीच लिहा." लग्न झाल्यापासून त्यांना मी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

ते स्वतः लिहायला बसले. मुलगी खेळत त्यांच्याजवळून गेली. दौत तिच्या उजव्या अंगाला होती. पाय लागला आणि शाई लेखभर पसरली.

"दिसत न्हाय का गं तुला?" ते ओरडले.

मग कोरा कागद घेऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहू लागले.