दुसरं होईल

नवजात बाळांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं काढली, आणि माझं काळीज घट्ट आहे याचा मला केवढा तोरा होता! नव्या पोरी बाळ दगावलं की बाथरूममध्ये जाऊन रडायच्या. मी त्यांना हात धरून बाहेर आणायची, पुढचं इंजेक्शन भरायला लावायची. डॉक्टर कौतुक करायचे. मलाही वाटायचं, आपल्याला हे काम जमलं.

मग जेवण जाईना, झोप लागेना. मी बदली मागून घेतली आणि परभणीतच लसीकरणाच्या खोलीत आले. इथं सगळी पोरं धडधाकट. सुई टोचली की बोंबलतात आणि आईच्या कडेवर बसून घरी जातात. मला बरं वाटायला लागलं होतं, अगदी खरं सांगते.

मागच्या बुधवारी पेडगावची एक बाई नऊ महिन्यांच्या पोरीला गोवराची लस द्यायला घेऊन आली. पोरगी गुटगुटीत. मी लस भरत होते. बाई माझ्याकडं टक लावून बघत होती.

"वळखलं न्हाई का सिस्टर?"

मी हसून मान हलवली. रोज इतक्या आया येतात!

"तुमच्या वॉर्डात होती ही. काचेच्या पेटीत. मी बाहेर बसून दर दोन तासाला वाटीत दूध काढून द्यायची."

"हो का? बरं झालं की!" मी म्हणाले. सवयीचंच वाक्य.

"तुमी एकदा वाटी माघारी दिली. म्हणला, कशाला दूध काढायलाव बाई? लहान हाय तुमचं वय. दुसरं होईल."

मला हे आठवेना. ती बाई नाही, ती वाटी नाही, काहीच नाही. पण वाक्य माझंच होतं. बाळाचं वजन फार कमी असलं की मी ते किती आयांना ऐकवलं असेल! धीर देते, असंच मला वाटायचं. बाळ आत श्वास घेत असताना!

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय? मी काढीतच राहिले. दुसऱ्या सिस्टर आल्या, त्यांनी पाजलं."

सवयीनं मी पोरीचा दंड धरायला वाकले. बाईनं तिला उराशी ओढलं.

"तुमी नका टोचू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. शेजारच्या टेबलावरच्या सिस्टरकडं बोट दाखवलं. "त्या सिस्टरला टोचू द्या."

मी भरलेली सुई शेजारच्या सिस्टरच्या हातात दिली आणि बाजूला झाले. पोरगी कळवळून रडली, आईनं पाठ थोपटली, दोघी गेल्या. मलाही रडायला पाहिजे होतं. मी वाट बघत उभी राहिले. रडू आलं नाही, आणि मी फार घाबरले.