राऊत मॅडमच्या चार मितींतल्या गाठी

राऊत मॅडमना कुणी नुसतं बसलेलं खपत नसे. पर्समधून केळीच्या खोडाचा धागा काढायच्या, त्याचा गुंता करायच्या आणि दोन्ही टोकं एकमेकांना बांधून समोरच्याच्या हातात द्यायच्या. "सोडव. कापायचं मात्र नाही." मी पीएच.डी.साठी गेले तेव्हा माझी मुलाखत एवढीच झाली. तासभर झटून मी म्हटलं, "मॅडम, ही गाठ सुटणारच नाही." "शाबास! आता ते सिद्ध कर," त्या म्हणाल्या आणि शहाळं पुढे केलं.

निर्मळ गावात त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी. लहानपणापासून गजरे वळलेले हात. कॉलेजात गणित शिकवून उरलेल्या वेळात त्या गाठी पडलेल्या पृष्ठभागांवर काम करत. हे पृष्ठभाग चार मितींत असतात, म्हणजे कुणालाच दिसत नाहीत. केळ्याच्या करतो तशा त्यांच्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीत एक गुंतलेली दोरी सापडते. त्यावरून मॅडम एक बहुपद काढत, शाळेत एक्सचे वर्ग, घन घालून मांडतो तसलंच. पृष्ठभागाचं चित्र कसंही काढा, बहुपद तेच यायला हवं, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. "केस कापले म्हणून माणसाचं नाव बदलतं का ग?" त्या विचारायच्या. नऊ वर्षं त्या या बहुपदामागे होत्या. गणिताच्या एका परिषदेत ते मांडायचं आणि मग निवृत्त व्हायचं, असं ठरलं होतं.

परिषदेला आठवडा उरला असताना त्यांच्या ओटीवर बसून मी सगळी उदाहरणं पुन्हा करत होते. एका चकतीत दोरीला एक जादा पीळ टाकला. तेवढ्याने पृष्ठभाग बदलत नाही. बहुपद मात्र बदललं. तीनदा केलं, तीनदा बदललं. माझा प्रबंधही त्याच बहुपदावर उभा होता. पण खरं सांगते, भीती वाटली ती त्यांच्या चेहऱ्याची.

मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिली, मग माझ्या हाताकडे पाहिलं. "तू डावखुरी ना?" गजरा वळताना त्यांचा धागा नेहमी उजवीकडूनच फिरायचा, आणि नऊ वर्षं प्रत्येक चित्रात त्यांनी पीळही तसाच टाकला होता. डावा पीळ कधी तपासलाच नव्हता. त्यांनी डाव्या हाताने धागा वळून पाहिला, तो वेडावाकडा झाला आणि मॅडम खो खो हसत सुटल्या. "अग बाई, मी पृष्ठभागाचं नाही, माझ्या उजव्या हाताचं बहुपद काढत होते!" त्यांचे मिस्टर आतून धावत आले. "काय झालं?" "बुडालं सगळं," मॅडम आनंदाने म्हणाल्या. "चहा टाका."

भाषण रद्द करावं, असं मी चाचरत सुचवलं. "का म्हणून? इतकं छान चुकलंय!" परिषदेत त्यांनी फळाभर बहुपद लिहिलं आणि जाहीर केलं, "हे चूक आहे. कुठे, ते माझी विद्यार्थिनी सांगेल." खडू माझ्या हातात देऊन त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मी सांगत गेले तसं त्या कोऱ्या वहीत भराभर उतरवून घेत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"मॅडम," त्या मला म्हणाल्या, "एक शंका आहे."