भरून राहिलो

हे मी अजून कोणाजवळ बोललो नाही. उमरेडला आईजवळ नाही, कॉलेजातल्या मित्रांजवळ नाही — आणि जिच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं, त्या ताईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. का, ते नीट सांगता येणार नाही.

आधी एक शब्द समजावून द्यावा लागेल. आमच्या नागपूरकडे बोलताना ‘करतो आहे’ म्हणत नाहीत, ‘करून राहिलो’ म्हणतात. जेवून राहिलो, येऊन राहिलो. फार सोयीचं आहे हे. चपला पायात घालायच्या असल्या तरी माणूस ‘येऊन राहिलो’ म्हणतो, आणि ऐकणारा चहा टाकतो. त्याला कोणी खोटं म्हणतं का?

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई-बाबा उमरेडला मागावर लुगडी विणतात. ताई आणि मी प्रतापनगरात एका खोलीत राहतो. ताई दवाखान्यात नर्स आहे, आणि माझं शिक्षण तिच्याच पगारावर चाललं आहे. त्या वर्षी तिला आणि तिच्या मैत्रिणीला, लीलाला, कुवेतच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. पासपोर्ट हातात आला की निघायचं.

तेवढ्यात बातमी आली, की पहिल्या तारखेपासून पासपोर्टच्या अर्जाची फी वाढणार — दुपटीहून जास्त. ताईनं घाईनं अर्ज लिहिला, फोटो काढले, जुन्या फीचे पैसे पाकिटात घातले. तिची ड्युटी नेमकी कचेरीच्या वेळेत. घरच्या माणसानं अर्ज नेऊन दिला तरी चालतं, हे तिनं विचारून ठेवलं होतं. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाली, “तू कॉलेजवाला आहेस. तुले काय अवघड आहे गा?”

अवघड होतं — पण कसं सांगणार? घरी सगळ्यांना वाटायचं, मला इंग्रजी येतं. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचो आणि निम्मं डोक्यावरून जायचं. कचेरीत पहिल्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो, हे खरं आहे. माझ्या पुढच्या माणसाला खिडकीतल्या साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. तो गडबडला, भलतंच काही बोलला. मागचे लोक हसले. मीही हसलो. आणि माझी पाळी आली, तेव्हा पाणी प्यायला जातो असं दाखवून रांगेतून बाहेर पडलो.

संध्याकाळी ताईनं विचारलं, “भरली काय गा फी?”

“भरून राहिलो वं ताई. गर्दी खूप आहे तिथं.”

दुसऱ्या दिवशी मी कचेरीसमोरच्या टपरीवर बसलो. नंतरही तिथंच बसत गेलो. घरी आलो की तोच प्रश्न, तेच उत्तर — भरून राहिलो. एकदा तर तिनं थट्टा केली, “कुवेतले जायाचं मले आहे, अन् फी भरता भरता म्हातारा तूच होऊन राहिला!” मी हसलो. ती समजत होती, मी रोज रांगेत उभा आहे. मी समजू दिलं.

मग पहिली तारीख आली.

ताईला सांगितलं, काल माझ्याच तोंडावर खिडकी लावून घेतली. हे मात्र सरळ खोटं — याला नागपुरीतही दुसरा शब्द नाही. सांगताना मला रडू आलं. तेही ती चुकीचं समजली.

“तू काहून रडून राहिला गा? सरकारनं वाढवली, त्याले तू काय करशीन?”

वरची रक्कम तिच्याजवळ नव्हती. उसने मागणं तिच्या स्वभावात नाही. त्याच आठवड्यात तिनं माझ्या परीक्षेची फी भरली होती — मुदतीच्या आत. पुढच्या पगारानंतर सुट्टी टाकून ती स्वतः कचेरीत गेली आणि तासाभरात अर्ज देऊन आली. पासपोर्ट आला, तोवर कुवेतची जागा भरली होती. लीला गेली. तिला गाडीत बसवून द्यायला ताई स्टेशनवर गेली, लीलाची पेटी मी उचलली.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. ताई त्याच दवाखान्यात आहे. कुवेतचं काय झालं असं कोणी विचारलं, तर फी वाढली म्हणून राहून गेलं, एवढंच सांगते. आणि न विचारता पुढं म्हणते, “माहा भाऊ रोज उन्हात उभा राहे, बिचारा.” मी तिथंच बसलेला असतो. मान खाली घालतो. लोकांना तो माझा साधेपणा वाटतो.

मला भीती वाटली होती. पण ती पहिल्या दिवशी. नंतरच्या दिवसांचं काय? टपरीवरून खिडकी सरळ दिसायची. दुपारनंतर रांग संपायची, साहेब पेपर वाचत बसायचे. पाकीट माझ्या वहीत होतं.

फी वाढली ती पहिल्या तारखेला. त्याआधी खिडकी रोज उघडी होती, आणि मी चहा पीत होतो.